मुक्ताईनगर, ४३ अंश आणि एक असेंबल पीसी

पुण्यात बसून पार्टलिस्ट बनवणं हा जगातला सगळ्यात सोपा उद्योग आहे. एसी सुरू, हातात कॉफी, समोर दहा टॅब उघडे. हा प्रोसेसर, ते ग्राफिक कार्ड, चकाचक काचेचं कॅबिनेट, आत सप्तरंगी दिवे... झाली लिस्ट! पाठवून दिली मामेभावाला. त्याचा उलट मेसेज आला, ‘ताई, लिस्ट एक नंबर आहे. फक्त एकदा इकडे येऊन जा. ही लिस्ट जरा उन्हात ठेवून बघू.’

‘इकडे’ म्हणजे मुक्ताईनगर. जळगाव जिल्ह्याचं पूर्वेकडचं टोक. पुढे गेलात की बुलढाणा, वर सरकलात की मध्य प्रदेश. नकाशात सापडत नसेल तर आधी भुसावळ शोधा. ते सापडतंच, उत्तरेकडे जाताना रात्री-अपरात्री चहावाल्याच्या आरोळीने तुम्ही तिथे कधी तरी जागे झालेले असता. तिथून नागपूरच्या दिशेने बोट सरकवा. महामार्गावरच आहे गाव. जुनी मंडळी अजून त्याला एदलाबाद म्हणतात.

मामेभाऊ तिथला शूटिंगवाला. लग्न, हळद, साखरपुडा, वास्तुशांत, पालखी, कीर्तन, अधूनमधून एखादं अहिराणी गाणं. आपण पुण्यात ज्याला एडिटिंग म्हणतो, त्याला इथे ‘मिक्सिंग’ म्हणतात. ‘मिक्सिंग झालं का भो?’ हा प्रश्न त्याला दिवसातून दहा वेळा ऐकावा लागतो. आणि मिक्सिंग होत नव्हतं. नवा कॅमेरा फोर-के शूट करत होता, जुना पीसी मात्र दहा वर्षांपूर्वीचा. टाइमलाइनवर नवरदेव घोड्यावर चढायला लागला की अर्ध्यात अडकायचा. घोडा पुढे, नवरदेव मागे!

यंदा केळीची एक काटणी बरी निघाली. मामांनी एक लाख रुपये काढून ठेवले. अट एकच : आखाजीच्या आत मशीन सुरू झालं पाहिजे. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात हा सण दिवाळीच्या तोडीचा. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि लग्नांचा धडाका सुरू होतो.

पण खरं कारण वेगळंच होतं. ते त्याने मला फोनवर सांगितलं नव्हतं.

चिमण्या, केळी आणि महामार्ग

पुण्याहून रात्रीची महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली, सकाळी भुसावळ. सॅकमध्ये कपडे कमी आणि बबल-रॅप जास्त. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि एसएसडी पुण्यातूनच घेतले होते. कारण साधं : या वस्तू लहान असतात, मांडीवर घेऊन येता येतात आणि बिघडल्या तर कुरिअरने परत पाठवता येतात. कॅबिनेट, यूपीएस, बॅटरी या जड गोष्टी मात्र जळगावातच घ्यायच्या ठरवल्या. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बसणारच. तेव्हा पुण्याचा दुकानदार काय कामाचा?

भुसावळ सोडलं की लगेच दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसतात. मग वरणगाव, तिथली ऑर्डनन्स फॅक्टरी, आणि मग दोन्ही बाजूंना केळी. हिरवीगार, ओळीत उभी, पाणी पिऊन तृप्त. आजूबाजूची जमीन उन्हाने फुफाट्यासारखी झालेली आणि मध्येच हे गार पट्टे. सुरतेकडून नागपूरकडे जाणारा हा रस्ता, जुना सहा नंबर, आता त्रेपन्न. ट्रक, ट्रक आणि ट्रक. त्यांची धूळ रस्त्यालगतच्या प्रत्येक घरात शिरते. मामांचं घर रस्त्यापासून दोन गल्ल्या आत आहे. पण धुळीला पत्ता विचारावा लागत नाही!

मामींनी वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी वाढली. ही भाजी तुम्ही खाल्ली नसेल तर तुमच्या आयुष्यात एक सेक्शन रिकामा आहे एवढंच सांगते. जेवण झाल्यावर मला माडीवरची ‘लॅब’ दाखवली. वर पत्रे, खाली पीओपीचं छत, भिंतीला कूलर. भावाने टेबलावर एक साधा थर्मामीटर आणून ठेवला.

‘तीन वाजू दे, मग सांग लिस्टचं.’

तीन वाजले. एप्रिलचा पहिला आठवडा होता, मे अजून लांब. बाहेर ४३, खोलीत कूलर बंद असताना ४१.

माझ्या लिस्टमधलं पहिलं पान तिथेच गळून पडलं.

पंखा हवा देतो, गारवा नाही

फंडा समजून घ्या, बॉस. प्रोसेसरवरचा कूलर, मग तो हवेचा असो की पाण्याचा, खोलीतल्या हवेपेक्षा गार काहीच करू शकत नाही. तो फक्त उष्णता उचलून खोलीत सोडतो. पुण्यातल्या २५ अंशांच्या ऑफिसात जो प्रोसेसर फुल लोडवर ८० अंशांवर चालतो, तोच इथे ४१ अंशांच्या खोलीत ९५ च्या पुढे जाऊ बघणार. इंटेलच्या या प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोहोचला की तो स्वतःचा वेग आपोआप कमी करतो. म्हणजे पैसे मोजायचे महागड्या चिपचे आणि मे महिन्यात चालवायची तीच चिप बैलगाडीच्या वेगाने!

‘मग एसी लाव ना,’ मी म्हटलं.

‘बसवू ना, पुढच्या काटणीला. पण लाइट गेल्यावर एसी कशावर चालवू? इन्व्हर्टरवर?’

‘कूलर तर आहे.’

त्यावर त्याने जुन्या पीसीची बाजूची पट्टी उघडून दाखवली. आत धुळीचा थर होता, पण सुका नाही. कूलरच्या ओल्या हवेने धूळ भिजून लेप झालेला. मुलतानी माती लावून बसलेला मदरबोर्ड मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. विदर्भ-खान्देशातल्या घराघरांत जो कूलर माणसाला जगवतो, तोच मशीनला हळूहळू मारतो. हे कोणत्याही बेंचमार्कमध्ये लिहिलेलं नसतं.

मग निर्णय झाले. काचेचं कॅबिनेट रद्द. समोर पूर्ण जाळी असलेलं साधं कॅबिनेट. हवा आत ओढणारे पंखे तीन, बाहेर टाकणारा एक. आत येणारी हवा जास्त असली की कॅबिनेटच्या आत किंचित दाब राहतो आणि फटींमधून धूळ शिरत नाही. जी येते ती समोरच्या फिल्टरवर अडकते आणि दर रविवारी ब्रशने झटकता येते. पाण्याचा कूलर रद्द. त्यातला पंप बंद पडला तर सीझनमध्ये कोण दुरुस्त करणार? त्याऐवजी टॉवरसारखा जाडजूड हवेचा कूलर. बिघडलाच तर एक पंखा बदलायचा. आणि कॅबिनेट जमिनीवर नाही, टेबलावर. भिंतीतल्या कूलरच्या झोतापासून लांब.

विजेचं गाव

परंपरा सांगते की १२९७ साली, वैशाख वद्य दशमीला, तापीकाठी विजेचा कडकडाट झाला आणि संत मुक्ताबाई त्यात लुप्त झाल्या. कोथळी आणि मेहूणची मंदिरं त्यांचीच. गावाचं आजचं नावही त्यांचंच. आषाढीच्या महिनाभर आधीच इथून त्यांची पालखी पंढरपूरला निघते. मानाच्या पालख्यांमध्ये फार लांबून चालत येणाऱ्यांपैकी ही एक. म्हणजे विजेचं आणि या मातीचं नातं सातशे वर्षांपेक्षा जुनं आहे.

संध्याकाळी ते नातं आम्हालाही भेटलं. साडेसातला वारं सुटलं आणि लाइट गेली. इन्व्हर्टर सुरू झाला, दिवे लागले, पण जुना पीसी धाडकन रीस्टार्ट!

‘असंच होते नेहमी. म्हणून मी दर पाच मिनिटाले कंट्रोल-एस दाबून राह्यतो.’

मी टॉर्च घेऊन इन्व्हर्टरच्या मागे वाकले. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरना मागच्या बाजूला एक लहानसं बटण असतं : एका बाजूला नॉर्मल, दुसऱ्या बाजूला यूपीएस. नॉर्मलवर असेल तर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला तो जरा वेळ घेतो. पंख्याला ते कळत नाही, कॉम्प्युटरला कळतं. बटण नॉर्मलवर होतं. किती वर्षं? मामा म्हणाले, ‘आणल्यापासून.’ सगळे हसलो, पण भाऊ नाही हसला.

बटण सरकवलं तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर कमी व्होल्टेज खपवून घेत नाही, लगेच बॅटरीवर जातो. संध्याकाळी व्होल्टेज १८० च्या खाली आलं की रोजच बॅटरी खर्च. म्हणून पीसीला स्वतःचा लाइन-इंटरअॅक्टिव्ह यूपीएस हवा. कमी-जास्त व्होल्टेज तो बॅटरी न वापरता सावरतो. बाजारात सहज मिळतो तो ६०० व्हीएचा. पण व्हीए म्हणजे वॅट नव्हे! या लहान यूपीएसमध्ये साधारण साठ टक्के धरा, म्हणजे ३६० वॅट. भाऊ पुढे कधी ग्राफिक कार्ड लावणार, शिवाय मॉनिटर. आम्ही दीड केव्हीएचा ठरवला, तोही शुद्ध साइन वेव्ह देणारा. चांगल्या एसएमपीएसना ओबडधोबड वेव्ह कधी कधी मानवत नाही आणि ऐन वेळी मशीन बंद पडतं.

आणि हो, अर्थिंग. जुन्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. ‘थोडा करंट मारतो, सवय झाली,’ इति मामेभाऊ. ही सवय घालवा, मंडळी. एसएमपीएसच्या आत फिल्टर असतो, त्यातून किंचितसा प्रवाह लोखंडी कॅबिनेटवर येतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तुमच्यातून जातो. दुसऱ्या दिवशी वायरमन आला. अंगणात खड्डा, त्यात सळई, कोळसा, मीठ आणि वर पाण्याची बादली. मामी बघत होत्या. म्हणाल्या, ‘कॉम्प्युटरले नैवेद्य दाखवून राह्यले का?’

‘एफ’ नको रे बाबा!

आता मेंदू. माझ्या पहिल्या लिस्टमध्ये लाखातला मोठा वाटा ग्राफिक कार्डने खाल्ला होता. गेम खेळायचे तर ठीक. पण लग्नाच्या व्हिडिओचं दुखणं वेगळं असतं.

नवे कॅमेरे एच-२६५ या प्रकारात शूट करतात आणि चांगल्या रंगांसाठी टेन-बिट, फोर-टू-टू. फाइल लहान, रंग भरपूर. पण ती गुंडाळलेली फाइल दर सेकंदाला उलगडायला प्रोसेसरचा घाम निघतो. नवरदेव अडकतो तो इथे. ही उलगडण्याची मजुरी करायला इंटेलच्या अनेक प्रोसेसरांमध्ये एक वेगळा कोपरा असतो, त्याचं नाव क्विक सिंक. तो प्रोसेसरच्या आतल्या छोट्या ग्राफिक्समध्ये राहतो. आणि एनव्हिडियाच्या ४० सिरीजपर्यंतच्या कार्डांना फोर-टू-टू उलगडण्याचं हे काम हार्डवेअरमध्ये जमत नव्हतं. २०२५ मध्ये आलेल्या ५० सिरीजमध्ये ती सोय झाली. म्हणजे जुनं पण महागडं कार्ड घेऊनही नवरदेव अडकलेलाच!

आपल्याकडचे लग्नाचे शूटिंगवाले पिढ्यान्‌पिढ्या ज्यावर काम करतात ते एडियस सॉफ्टवेअर तर वर्षानुवर्षं क्विक सिंकच्या खांद्यावर हात ठेवूनच चालत आलंय. भावाकडे एडियसची सगळी रेडीमेड गाणी आहेत, फुलं उडणारी, हृदयं फिरणारी. ती सोडून तो दुसरीकडे जाणार नव्हता. आणि का जावं?

म्हणून प्रोसेसर घेतला तो इंटेलचा आय-सेव्हन १४७००. वीस कोअर, आत क्विक सिंकवालं ग्राफिक्स. इथे एक सापळा आहे. याच नावापुढे ‘एफ’ लावलेला भाऊबंद थोडा स्वस्त मिळतो. त्यात आतलं ग्राफिक्सच बंद असतं. गेम खेळणाऱ्याला फरक पडत नाही, मिक्सिंगवाल्याचं मात्र मुख्य हत्यारच गायब. दोन-तीन हजार वाचवले आणि क्विक सिंक घालवलं. ‘के’ अक्षराचाही टाळला. तो ओव्हरक्लॉकिंगसाठी असतो आणि जास्त तापतो. खान्देशात ओव्हरक्लॉकिंग सूर्य करतो, ते पुरे.

ग्राफिक कार्ड? दिवाळीत बघू. एसएमपीएस मात्र आत्ताच ६५० वॅटचा, नामांकित. कार्ड नंतर लावता येतं. फालतू एसएमपीएस मात्र जाताना बाकीच्यांना सोबत घेऊन जातो.

केळीचा भाव, रॅमचा भाव

तिसऱ्या दिवशी जळगाव. सोनं घ्यायला लोक इथे लांबून येतात, आम्ही गेलो गोलाणी मार्केटला. मुंबईकरांचा लॅमिंग्टन रोड किंवा पुणेकरांची तापकीर गल्ली डोळ्यांसमोर आणा आणि तिला एका इमारतीत मजल्यांवर मांडा. मोबाइल, कव्हर, चार्जर, दुरुस्तीची टेबलं, कॉम्प्युटरची दुकानं आणि मध्येच चहा.

दुकानदार काकांनी यादी वाचली, चष्मा वर केला. ‘रॅम किती?’

‘बत्तीस जीबी. डीडीआर फाइव्ह.’

त्यांनी भाव सांगितला आणि भावाने माझ्याकडे बघितलं. मी ऑक्टोबरमध्ये लिस्ट केली होती. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत जगभर एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. डिसेंबरात तर मायक्रॉन कंपनीने घरगुती ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. कुठे अमेरिकेतली सर्व्हर, कुठे मुक्ताईनगरच्या लग्नाची हळद! पण साखळी लागतेच.

मामा सोबत होते. त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. ‘आमच्या केळीचंही असंच. सकाळी एक भाव, गाडी भरेपर्यंत दुसरा. आज घ्यायचं का थांबायचं, हे ज्याले कळलं तो राजा.’

रस्ता काकांनीच दाखवला. या प्रोसेसरचे मदरबोर्ड दोन जातींचे येतात : काहींवर डीडीआर फाइव्ह लागते, काहींवर डीडीआर फोर. मी आणलेला बोर्ड नशिबाने डीडीआर फोरचा होता (खरं सांगते, तेव्हा स्वस्त पडला म्हणून घेतला होता). जुन्या पीसीमधली सोळा जीबी डीडीआर फोर चालू स्थितीत होती. त्यात त्याच वेगाची आणखी सोळा घातली. झाले बत्तीस. वेगात थोडा फरक पडेल, पण मिक्सिंगमध्ये तो डोळ्यांना दिसणार नाही. उरलेले पैसे कुठे घालायचे, हे भावाने आधीच ठरवलं होतं.

‘हार्ड डिस्क. चार टीबीच्या दोन.’

‘दोन कशाला? एक मोठी घे ना,’ मी सहज म्हणाले.

तो गप्प झाला. मामांनीही खाली बघितलं.

कोरी

परतताना त्याने गाडी चांगदेवला वळवली. तापी आणि पूर्णेचा संगम, काठावर चांगदेवाचं जुनं दगडी मंदिर, पुरातत्त्व खात्याने जपलेलं. पलीकडे हतनूर धरणाचं पाणी पसरलेलं. ऊन कललं होतं, दगड अजून तापलेलेच.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं तर मायना काय लिहावा हे चांगदेवांना कळेना. वयाने आपण मोठे, ज्ञानाने ते. शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाई म्हणाल्या, एवढं जगून हा कोराच राहिला. ज्ञानेश्वरांनी मग त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं.

पायरीवर बसून भावाने मला त्याची गोष्ट सांगितली. गेल्या उन्हाळ्यात त्याने तालुक्यातलंच एक लग्न शूट केलं. मोठं घर नाही, साधी माणसं. नवरीचे आजोबा आजारी होते, तरी खुर्चीवर बसून मांडवात आले. नातीच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटले, मग दोघंही रडले. त्याने ते जवळून टिपलं होतं. ‘ताई, माह्या आयुष्यातला सगळ्यात चांगला शॉट.’ कार्ड रिकामं करून सगळं एका डिस्कवर टाकलं, कार्ड पुसून दुसऱ्या दिवशीच्या लग्नाला गेला. सीझनमध्ये सगळे असंच करतात. आठवड्याने मिक्सिंगला बसला, लाइट दोनदा गेली-आली, मशीन दोनदा रीस्टार्ट झालं आणि डिस्कमधून टिकटिक आवाज यायला लागला. मग तोही बंद.

पुण्याच्या एका लॅबला डिस्क पाठवली. खर्च केला. डिस्क परत आली, सोबत चिठ्ठी : काही मिळालं नाही.

त्याने त्या घरी जाऊन सगळे पैसे परत दिले. नवरीचे वडील काही बोलले नाहीत. श्रावणात आजोबा गेले. दहाव्याला नवरीने फक्त एवढंच विचारलं, ‘भाऊ, थोडंसं तरी असेल ना मोबाइलमध्ये?’

नव्हतं.

‘लोक म्हणतात, जाऊ दे भो, मशीन आहे, बिघडते. पण मशीन मी निवडलं होतं ना?’

मी त्याला पुण्याहून सप्तरंगी दिव्यांची लिस्ट पाठवली होती. त्याला हवं होतं ते काहीतरी वेगळंच. त्याने एकदाही ‘फास्ट’ हा शब्द वापरला नव्हता. माझ्याच लक्षात आलं नव्हतं.

आकडेमोड आणि एक धडकी

त्या रात्री आम्ही वहीत हिशेब मांडला. १०० मेगाबिटचा फोर-के व्हिडिओ म्हणजे तासाला ४५ जीबी. एका लग्नात दोन कॅमेरे, प्रत्येकी सहा तास धरा : ५४० जीबी. सीझनमध्ये चाळीस लग्नं झाली तर २१ टीबीच्या वर! एवढं सगळं कायम ठेवणं कोणालाच परवडणार नाही. मग नियम केला. चालू काम एसएसडीवर. कार्ड आणलं की त्याच रात्री सगळं एका डिस्कवरही आणि दुसऱ्या डिस्कवरही. दोन्ही प्रती उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. घरच्यांनी व्हिडिओ बघून ‘ठीक आहे’ म्हटल्यावर तीन महिन्यांनी मूळ शूटिंग काढायचं. तयार व्हिडिओ आणि निवडक शॉट मात्र कायमचे.

जगभरचे फोटोग्राफर याला ३-२-१ म्हणतात. अमेरिकन फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी हा नियम लोकप्रिय केला : प्रती तीन, माध्यमं दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. तिसऱ्या प्रतीसाठी आम्ही लहान पोर्टेबल एसएसडी घेतली. लाखातला जवळजवळ तिसरा हिस्सा यूपीएस, अर्थिंग आणि साठवण यांवर गेला. यातल्या एकाही गोष्टीने व्हिडिओ एक सेकंदही लवकर तयार होत नाही.

चौथ्या दिवशी पहाटे पाचला जोडणी सुरू केली. त्या वेळी माडी गार असते. आठला पहिली बीप. आता एक नाजूक काम उरलं होतं. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा दोष निघाला होता. २०२४ मध्ये कंपनीने तो मान्य केला, सुधारित मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तो मायक्रोकोड बायोस अपडेट करून मिळतो. आणि बायोस अपडेट होत असताना वीज गेली तर बोर्ड दगड होऊ शकतो.

पेनड्राइव्ह लावला. पट्टी सरकायला लागली. तीस टक्के, चाळीस... आणि खालचा फ्रिज घुर्रकन बंद झाला. लाइट गेली! यूपीएसने एक बीप दिली. आम्ही दोघंही श्वास रोखून. मॉनिटर सुरूच. पन्नास, साठ, ऐंशी, शंभर. भावाने हात जोडले. कोणाला ते माहीत नाही, बहुतेक दीड केव्हीएच्या बॅटरीला.

मग बायोसमध्येच प्रोसेसरची वीज मर्यादित केली. रेंडरला थोडी मिनिटं जास्त लागतील, पण दुपारी तीन वाजता ४१ अंशांच्या खोलीत अर्धा तास रेंडर लावला तेव्हा तापमान ८८ च्या वर गेलं नाही. टाइमलाइनवर फोर-केचा नवरदेव घोड्यावर चढला. न अडकता.

त्याच संध्याकाळी एक गृहस्थ जिना चढून आले. धाकट्या मुलीचं लग्न आखाजीनंतर होतं. भाऊ उठून उभा राहिला, त्यावरून मला कळलं हे कोण ते. ते नवं मशीन बघत थोडा वेळ उभे राहिले. म्हणाले, ‘शूटिंग तूच कर. फक्त या वेळी दोन जागी ठेवजो.’

‘तीन जागी ठेवतो, काका,’ तो म्हणाला.

परतताना भुसावळला मावशीकडे उतरले. मावशी म्हणजे भावाची आत्या. भावाने सोबत दिलेली छोटीशी एसएसडी तिच्या हातात ठेवली. आत पहिली तिसरी प्रत होती : गेल्याच आठवड्यात त्याने शूट केलेल्या एका लग्नाची. दर पंधरा दिवसांनी कोणी तरी येऊन ती बदलून नेणार.

‘यात काय आहे गं?’

‘लोकांची लग्नं.’

मावशीने ती ओढणीच्या तुकड्यात गुंडाळली, लोखंडी कपाट उघडलं आणि स्वतःच्या लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवून दिली. किल्ली कमरेला लावली.

जाणार असाल तर...

कसं जाल : भुसावळ जंक्शनपर्यंत रेल्वे, तिथून मलकापूर-नागपूर रस्त्यावर एसटी किंवा गाडी. जळगावहूनही थेट बस आहेत.

काय बघाल : कोथळीचं आणि मेहूणचं मुक्ताबाईंचं मंदिर, चांगदेवचा संगम, हिवाळ्यात हतनूरच्या पाण्यावरचे पक्षी.

काय खाल : वरण-बट्टी, शेवभाजी, केळीचे वेफर्स, थंडीत भरीत आणि कळण्याची भाकरी.

कधी जाल : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पीसीची लिस्ट तपासायची असेल तर मात्र एप्रिल-मे, दुपारी तीन वाजता, माडीवर.